ओळखीतलं जुनं आउटबोर्ड इंजिन घेताना

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात खाडीकाठी आहे. घरची वीस फुटी फायबरची होडी आहे. माझे मिस्टर आणि दीर तिच्यावर जातात, खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळी टाकतात. गेल्या सीझनच्या शेवटी इंजिन बसलं. आता त्यात पैसे घालू नका, असं मेकॅनिकने सांगितलं. देवगडला दिरांच्या ओळखीतल्या एकाकडे ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. दोनच सीझन वापरलंय म्हणतो, ऐंशी हजार मागतो. पिंपात चालवून दाखवलं, एका दोरीत सुरू झालं, रंगही नवा दिसतो. पैसे माझ्या बचत गटाच्या कर्जातून उभे करायचे आहेत. सही माझी आणि हप्ताही माझा. घरचे म्हणतात, नारळी पौर्णिमेआधी घेऊन टाकू, ओळखीच्या माणसाला खोदून खोदून काय विचारायचं? मला मशीनमधलं काही कळत नाही, पण मन तयार होत नाही. काय बघू? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर:

ताई, मन तयार होत नाही तर थांबा. तुम्ही थांबलात म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पिंपात एका दोरीत सुरू झालेलं इंजिन एवढंच सांगतं, की ठिणगी पडते आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतं. ते होडी ओढेल का, अर्धा तास दमाने चाललं तर तापेल का, गिअर टिकेल का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आणि तुमच्या घरची माणसं ते इंजिन पिंपात चालवणार नाहीत. खाडीच्या तोंडाशी, जिथे वाळूवर लाट फुटते, तिथे इंजिन बंद पडलं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून प्रश्न ऐंशी हजारांचा आहेच, पण फक्त तेवढाच नाही.

आधी ओळखीचं बघू, कारण तुमचं घोडं तिथेच अडलं आहे. ओळखीच्या माणसाचं इंजिन तपासणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नव्हे. बरेचदा विकणाऱ्यालाच आतलं माहीत नसतं. त्याने इंजिन चालवलेलं असतं, खोलून पाहिलेलं नसतं. तुमच्याकडे एक खरं आणि सरळ कारण आहे, तेच सांगा: "पैसे गटाचे आहेत, मला बैठकीत हिशेब द्यावा लागतो, म्हणून मेकॅनिककडून बघून घेते." यात कुणाला लागेल असं काही नाही. दिरांना बाजूला ठेवू नका, उलट त्यांनाच पुढे करा. ओळख त्यांची आहे, ट्रायल मागणं त्यांना सोपं जाईल. मेकॅनिक मात्र तुमच्या बाजूचा हवा. विकणाऱ्याने बोलावलेला किंवा त्याच्याच बंदरावर रोज काम करणारा नको. आपल्या मेकॅनिकला त्याची दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या. या व्यवहारात तुम्ही केलेला तो सर्वांत चांगला खर्च असेल.

देवगडला जाण्याआधी घरी एक काम करा. टेप घ्या आणि इंजिन जिथे अडकवतात त्या होडीच्या मागच्या फळीची उंची मोजा, वरच्या कडेपासून तळापर्यंत, सरळ उभी. लहान इंजिनं मुख्यतः दोन मापांत येतात. शॉर्ट शाफ्ट साधारण १५ इंची फळीसाठी असतो, लाँग शाफ्ट २० इंचीसाठी. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. इंजिन बसवल्यावर ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर खाली यायला हवी. २० इंची फळीवर शॉर्ट शाफ्ट लावलात तर पंखा हवा ओढतो. लाटेवर होडी उचलली की इंजिन नुसतंच ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. माप जुळत नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, ते तुमचं नाही. विकणाऱ्याला फोनवर एवढंच विचारून मोकळं होता येईल.

तिथे पोचल्यावर पहिल्यांदा झाकण काढू नका, प्लेट शोधा. इंजिन फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवर मॉडेल आणि सीरियल नंबर असलेली प्लेट किंवा स्टिकर असतो. बऱ्याच इंजिनांवर तोच नंबर वरच्या ब्लॉकवर, एका गोल धातूच्या टिकलीवरही कोरलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर वरचं मशीन एकाचं आणि खालचा पाय दुसऱ्याचा असू शकतो. प्लेट खरवडलेली असेल किंवा नसेलच तर तिथून परत फिरा. किनाऱ्यावरून इंजिनं चोरीला जातात, आणि चोरीचं इंजिन घरात आलं तर पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, ओळखीच्या माणसाला नाही. मूळ बिल मागा. बिल हरवलं असेल तर त्याच्या होडीच्या नोंदणीच्या कागदांत इंजिनची माहिती असते, ती दाखवायला सांगा.

त्याच प्लेटवर आणखी एक गोष्ट कळते. झाकणावरच्या आकड्यावर जाऊ नका, झाकण बदलता येतं आणि स्टिकर तर त्याहून सोपा. काही कंपन्यांच्या ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक इंजिनांचं मूळ अंग एकच असतं, फरक मुख्यतः कार्ब्युरेटर आणि हवा-पेट्रोलच्या वाटेत असतो, म्हणून नुसतं बाहेरून बघून ओळखता येत नाही. तुमच्या गोष्टीत याहून महत्त्वाचं म्हणजे ते पेट्रोलचं आहे की केरोसीनचं. आपल्या किनाऱ्यावर दोन्ही चालतात. केरोसीनचं इंजिन पेट्रोलवर सुरू करतात, गरम झालं की केरोसीनवर घेतात आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मुळातच कमी ठेवलेलं असतं. पेट्रोलचं म्हणून घेतलेलं इंजिन केरोसीनचं निघालं तर ताकदीचा आणि खर्चाचा तुमचा हिशेब चुकेल. उलट, पेट्रोलच्या इंजिनात कुणी केरोसीन मिसळून चालवलं असेल तर आतून ते ठोके खाऊन गेलेलं असू शकतं. मॉडेलच्या अक्षरांवरून मेकॅनिकला दोन मिनिटांत कळेल.

आता "दोनच सीझन" याबद्दल. या आकड्याला मी फारसं महत्त्व देत नाही, तुम्हीही देऊ नका. दहा वर्षं रोज चाललेलं आणि रोज गोडं पाणी मिळालेलं इंजिन मी बिनघोर घेईन. दोन सीझन चालवून खारं पाणी पोटात ठेवून पावसाळाभर पडवीत टांगलेलं इंजिन घेणार नाही. समुद्राचं पाणी इंजिनच्या आतून फिरतं, तेच त्याला थंड करतं. इंजिन बंद केल्यावर ते पाणी आत सुकतं आणि मीठ मागे राहतं. महिन्यामहिन्याने ते मीठ अरुंद वाटांत जमत जातं, ॲल्युमिनियम खातं, बोल्ट आतल्या आत जखडतं. म्हणून विकणाऱ्याला सीझन विचारण्याऐवजी विचारा: "समुद्रातून आल्यावर गोडं पाणी कसं देता?" जो देतो तो लगेच दाखवतो, हे पिंप, हा पाइप, एवढी मिनिटं. पुढचा प्रश्न: "इंपेलर शेवटचं कधी बदललं?" इंपेलर म्हणजे खालून पाणी वर ढकलणारा रबरी चक्राचा पंप. एक-दोन वर्षांनी तो बदलायचाच असतो. "बदलायची वेळच आली नाही" असं उत्तर मिळालं तर त्या इंजिनची देखभाल कशी झाली ते कळलं.

नव्या रंगाचं म्हणाल तर मला तो चिंतेचा वाटतो. रंग काढला कुठे, मारला कुठे, हे बारकाईने बघा. हेडच्या, म्हणजे सिलिंडरांचं तोंड बंद करणाऱ्या धातूच्या भागाच्या, बोल्टांवर रंग अखंड आहे की पान्याने खरचटलेला? खरचटलेला असेल तर हेड उघडलं होतं. ते वाईटच असं नाही, पण का उघडलं ते त्याने सांगायला हवं. रंगाखाली ॲल्युमिनियमला फोड आलेत का, नखाने दाबून बघा. पंख्याच्या वर आणि ब्रॅकेटपाशी राखाडी धातूचा एक तुकडा बसवलेला असतो, अ‍ॅनोड. समुद्राच्या पाण्यात इंजिनऐवजी त्याने झिजायचं, यासाठीच तो असतो. तो अर्धा झिजलेला दिसला तर छान, त्याने आपलं काम केलं. तो गायब असेल किंवा त्याच्यावरच रंग फासलेला असेल तर झीज इंजिनने सोसली.

झाकण काढल्यावर एक गोष्ट खास शोधायची: इंजिन कधी पाण्यात बुडालं होतं का? आपल्याकडे हे वरचेवर होतं. क्लॅम्पचे स्क्रू सैल राहतात आणि इंजिन फळीवरून निसटतं, होडी उलटते, वादळ येतं. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात आपल्या जिल्ह्यात किती होड्यांची काय दशा झाली ते तुम्हाला सांगायला नको. बुडालेलं इंजिन तासा-दोन तासांत काढून, गोड्या पाण्याने धुऊन, तेल घालून चालवलं तर वाचतं. तसं झालं नाही तर टू-स्ट्रोकच्या क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगांना गंज चढतो. मग ते काही महिने चालतं आणि एक दिवस आतून खडखडून बसतं. खुणा बाहेर असतात. वायरींच्या जोडांवर हिरवट-पांढरी पूड, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या जड चाकाच्या) खाली कोपऱ्यांत बारीक रेती किंवा चिखल, चुंबकांवर गंज. फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून कान लावा. खरखर आली तर मेकॅनिकच्या तोंडाकडे बघा, तो आधीच मान हलवत असेल.

पुढे स्पार्क प्लग. दोन्ही प्लग काढून शेजारी-शेजारी ठेवायचे. टोक विटकरी-तपकिरी असेल तर आत ज्वलन नीट आहे. काळं, ओलं असेल तर तेल जास्त पडतंय किंवा ठिणगी कमजोर आहे, ते दुरुस्त होतं. एक प्लग अगदी पांढरा, धुतल्यासारखा स्वच्छ आणि दुसरा तपकिरी असेल तर त्या एका सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता आहे, म्हणजे पॅकिंग किंवा हेड खराब. आणि प्लगच्या टोकावर बारीक चकचकीत धातूचे कण चिकटलेले दिसले तर तो पिस्टनचा धातू आहे. मग पुढे काही तपासू नका, चहा पिऊन घरी या.

प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. मेकॅनिककडे गेज असतं, नसेल तर गेज असलेला मेकॅनिक न्या. दोन्ही प्लग बाहेर, त्यांच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवलेल्या, थ्रॉटल (वेगाची मूठ) पूर्ण उघडा आणि दोरी चार-पाचदा जोरात ओढायची. पेट्रोलच्या लहान टू-स्ट्रोकला साधारण ९० ते १३० पीएसआयच्या मध्ये कुठेतरी आकडा येतो, पण गेज-गेजमध्ये फरक पडतो, म्हणून एकट्या आकड्यावर भांडू नका. दोन सिलिंडरांमधला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. एक ११५ आणि दुसरा ८५ असेल तर रिंगा, सिलिंडर किंवा पॅकिंग यांपैकी काहीतरी गेलं आहे. दुरुस्तीत ऐंशी हजारांचं इंजिन लाखाला पडेल.

आता खालचा भाग, पंखा आणि गिअर. माझ्या मते जुनं इंजिन घेणाऱ्यांचं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं, कारण सगळे झाकण उघडून वर बघत असतात. आधी पंख्याखालचं सुकाणूसारखं टोक बघा. ते तुटलेलं किंवा वेल्डिंगने जोडलेलं असेल तर इंजिन खडकावर आदळलं आहे. मग न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवा आणि मधल्या शाफ्टच्या टोकाकडे नजर लावून बघा. टोक एका जागी फिरलं पाहिजे, वर्तुळ काढता कामा नये. पंखा काढायला सांगा. त्याच्या मागे शाफ्टला जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडला तर नवल नाही, मच्छिमाराच्या इंजिनात तो सापडतोच. पण तोच तंगूस ऑइल सीलमध्ये घुसून तिला कापतो, आणि कापलेल्या सीलमधून समुद्र गिअरबॉक्समध्ये शिरतो.

तो शिरला आहे का हे बघायची रीत तुम्ही स्वतः करा, मेकॅनिकवर सोपवू नका. यात मशीनचं ज्ञान लागत नाही. इंजिन रात्रभर उभं ठेवलेलं असावं, न चालवता. आपलं एक पांढरं ताट किंवा स्वच्छ वाटी घेऊन जा. गिअरबॉक्सला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खालचा स्क्रू जेमतेम सैल करायला सांगा, वरचा तसाच घट्ट राहू दे. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून पाणी असेल तर तेच पहिल्यांदा टपकेल. नसेल तर वरचा स्क्रू सैल करून थोडं तेल ताटात येऊ द्या. बोटांच्या चिमटीत घेऊन चोळा. स्वच्छ, मधाच्या नाहीतर गडद रंगाचं, बुळबुळीत तेल चांगलं. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी त्यात घुसळलं गेलं आहे. काळं आणि करपलेल्या वासाचं असेल तर कित्येक दिवसांत बदललेलं नाही. खालच्या स्क्रूच्या टोकाला बऱ्याचदा चुंबक असतं. त्यावर अगदी बारीक करडी भुकटी चिकटलेली असणं साधारण आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर गिअरचे दात तुटताहेत.

कोरं करकरीत नवं तेल निघालं तर त्यावरून चांगलं-वाईट काहीच ठरत नाही. विकण्याआधी तेल बदलणं ही चांगली सवयही असू शकते आणि झाकपाकही. म्हणून ही तपासणी दोनदा करायची: एकदा ट्रायलच्या आधी आणि एकदा ट्रायलनंतर, तासभर इंजिन उभं ठेवून. ट्रायलनंतरचं ताटच खरं.

ट्रायल होडीवर हवी, पिंपावर नाही. विकणारा म्हणेल, आता समुद्र खवळलेला आहे. खरं आहे. यांत्रिकी मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि त्यानंतरही लगेच समुद्रात जायची घाई मी सांगणार नाही. पण खाडी आहे. बंदी उठल्यावर, भरतीच्या वेळी, निवळ दिवस बघून खाडीत अर्धा-पाऊण तास मिळतो. तोवर दुसरं गिऱ्हाईक येईल अशी भीती घातली तर थोडा विसार द्या आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: "खाडीत ट्रायल समाधानकारक झाल्यावर उरलेली रक्कम, नाहीतर विसार परत." दिरांच्या ओळखीचा खरा उपयोग इथे आहे.

ट्रायलला जाताना तीन गोष्टी. इंजिन गार हवं. पोचताक्षणी हेडला हात लावा. कोमट असेल तर तुमच्या आधीच ते तापवून ठेवलं आहे. मग तासभर बसा, ते पूर्ण गार होऊ द्या. चांगलं टू-स्ट्रोक गार असताना चोक ओढून दोन-चार दोऱ्यांत सुरू होतं, आणि गरम झाल्यावर बंद करून पुन्हा एका-दोन दोऱ्यांत. दोन्ही वेळा बघा. दुसरं, पेट्रोल आपलं न्या, आपल्या टाकीत, ताजं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि मे महिन्यापासून टाकीत पडलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाणी वेगळं होऊन बसलेलं असू शकतं. तेलाचं प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तकाप्रमाणे. बऱ्याच टू-स्ट्रोकना पन्नासाला एक, म्हणजे लिटरला २० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ ग्रेडचं, आउटबोर्डचं. स्कूटरचं टू-टी नको. आणि तिसरं, तुमच्यासाठी: झाकण उघडं असताना फ्लायव्हील गरगर फिरत असतं. पदर किंवा ओढणी घट्ट खोचून ठेवा, केस बांधा, आणि तिथे वाकून बघू नका. पिंपात चालवताना पंखा काढून ठेवलेला असावा. पाण्याशिवाय मात्र इंजिन सेकंदभरही चालवू देऊ नका. कोरडं चाललं की रबरी इंपेलर लगेच करपतो.

खाडीत गेल्यावर पहिली नजर मागच्या बारीक धारेवर. थंड करणारं पाणी तिथून बाहेर पडतं. धार सलग आणि जोमदार हवी. ती तुटक येत असेल तर आधी भोकात तार घालून बघा, कधी कधी नुसता चिखल असतो. पण धार चांगली आहे म्हणून हेड थंड आहेच असं नाही. काही इंजिनांत ती धार हेडपर्यंत न जाता आधीच वळवलेली असते. म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर इंजिन बंद करून मेकॅनिकने हेडला हात टेकवावा. दोन-तीन सेकंद हात राहिला पाहिजे. थुंकी लावलेलं बोट चर्रकन उडालं तर आतल्या वाटा मिठाने भरल्या आहेत.

मग गिअर. न्यूट्रलमधून पुढे, पुढून न्यूट्रल, मागे, असं तीन-चारदा. "टक" असा एक स्पष्ट आवाज येऊन गिअर पडायला हवा, किरकिरत नाही. पुढे टाकून तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर पाच-सात मिनिटं सलग चालवा, होडीत दोघं-तिघं बसवून, म्हणजे वजन पडेल. गिअरचे दात झिजलेले असतील तर नेमका इथे तो निसटतो, इंजिन एकदम ओरडतं आणि होडी मंदावते. इंजिन ओरडतंय, गिअर आत आहे, तरी होडी वेग घेत नाही असं झालं तर पंख्याच्या मधला रबरी बुश सुटला असेल. तो तुलनेने स्वस्तातला खर्च आहे, त्यासाठी सौदा मोडू नका, किंमत कमी करा. शेवटी पूर्ण थ्रॉटलवर एक-दोन मिनिटं, आणि मग एकदम हळू. हळू चालताना बंद पडतंय का ते बघा, कारण जाळं ओढताना तुमची माणसं त्याच वेगात असतात. बंद करायच्या लाल बटणाची दोरी ओढून इंजिन लगेच थांबतं ना, हेही. दोरी मनगटाला बांधलेली असली की माणूस पाण्यात पडल्यावर पंखा थांबतो. ती नसेल तर आधी ती घ्या, मग इंजिनचं बघू.

इंजिन वर उचलून बघायला विसरू नका. खारं पाणी लागून ब्रॅकेट आणि वळायचा दांडा जखडतात, क्लॅम्पचे स्क्रू फिरत नाहीत. ब्रॅकेटला चीर असेल तर नको. बाकी दोरी, पेट्रोलचा पाइप, त्यातला रबरी फुगा, प्लग ही बदलायचीच असं धरून चाला.

पैशांचं मी असं बघतो. गिअरबॉक्समध्ये पाणी नाही, दोन्ही सिलिंडर सारखे, बुडाल्याची खूण नाही, खाडीत तापलं नाही, गिअर सुटला नाही, तर इंजिन घ्या, पण ऐंशी हजार पूर्ण देऊ नका. गटाचं कर्ज ऐंशीचं मंजूर असेल तर त्यातले दहा-पंधरा हजार इंपेलर, थर्मोस्टॅट, गिअर ऑइल, सील, अ‍ॅनोड, पाइप आणि मजुरीसाठी बाजूला ठेवून उरलेल्यात सौदा बसवा. गिअर ऑइल दुधाळ आहे पण दात शाबूत आहेत, तर सील बदलून काम होतं. तो खर्च मेकॅनिककडून विचारून किमतीतून वजा करा. पण कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक, बुडाल्याच्या खुणा किंवा नंबरची गडबड यांपैकी एकही असेल तर कितीही स्वस्त केलं तरी घेऊ नका. पन्नासलाही नाही. आणि त्या कंपनीचे सुटे भाग मालवण, रत्नागिरीपर्यंत मिळतात का, हे मेकॅनिकला आधीच विचारा. भाग मुंबईहून यायची वाट बघत सीझन किनाऱ्यावर गेला तर हप्ता थांबत नाही.

व्यवहाराच्या दिवशी विक्रीची पावती घ्या, त्यात मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. रक्कम शक्यतो बँकेतून, म्हणजे गटाच्या वहीला पुरावा राहतो. नंतर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात तुमच्या होडीच्या नोंदणीत इंजिनची माहिती बदलून घ्या. हे काम मिस्टरांकडे द्या, पण झाल्याचा कागद स्वतः बघा.

घरचे नारळी पौर्णिमेचा मुहूर्त धरून बसले आहेत, त्यांना सांगा की मुहूर्त नारळाचा आहे, विकतच्या इंजिनचा नाही. नारळ वल्ह्याच्या होडीतूनही वाहता येतो. इंजिन त्यानंतर पंधरा दिवसांनी आलं तरी सीझन मेपर्यंत आहे. आणि इंजिन नवं असो की जुनं, होडीत दोन वल्ही, नांगर आणि दोर, माणशी एक लाइफ जॅकेट आणि एक जास्तीचा प्लग पान्यासकट ठेवायचा, यावर घरात तडजोड करू नका.

जाण्याआधी दिरांकडून प्लेटचा आणि हेडचा, असे दोन स्पष्ट फोटो मागवून घ्या आणि फळीच्या मापासकट मला पाठवा. पेट्रोलचं की केरोसीनचं, शॉर्ट की लाँग, एवढं त्यावरून तुम्ही देवगडची फेरी मारण्याआधीच मी कळवू शकेन.